आईला मिरिझी सिंड्रोम सांगितलाय, ऑपरेशन दुर्बिणीतून की पोट उघडून?

बार्शीकर

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून. आईचं वय ६४, बार्शीला असते, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. पित्ताशयात खडा आहे हे कित्येक वर्षांपासून माहीत होतं, लग्नाकार्यात तेलकट खाणं झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीत खांद्यापर्यंत जायची, मग ॲसिडिटीची गोळी घेऊन ती गप्प पडून राहायची, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की ऑपरेशनचा विषय बंद. दिवाळीनंतर मात्र डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी गडद, अंगाला इतकी खाज की रात्रभर झोप नाही, आणि मग थंडी वाजून ताप. शेजारपाजारचे काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्या म्हणून मागं लागले होते पण ताप बघून मी सरळ सोलापूरला नेलं.

काविळीचं बिलीरुबिन ९ च्या वर, पित्त तुंबल्यावर वाढतं ते अल्कलाइन फॉस्फटेज पण खूप वाढलेलं. सोनोग्राफीत पित्ताशयाच्या मानेत २२ मिमीचा खडा अडकलेला दिसला आणि लिव्हरमधल्या नळ्या फुगलेल्या. मग एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) केली, त्यात लिहून आलं मिरिझी सिंड्रोम, म्हणजे अडकलेल्या खड्याचा दाब मुख्य पित्तनलिकेवर पडतोय, बहुतेक टाइप दोन. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी छोटी नळी) टाकलाय, अँटिबायोटिक झाली, ताप नाही, कावीळ हळूहळू उतरतेय, जेवतेय पण.

आता घोळ असा की सोलापूरचे सर्जन म्हणतात हे ऑपरेशन पोट उघडूनच करू, त्यातच सेफ आहे. पुण्याला रिपोर्ट पाठवले तर ते म्हणाले दुर्बिणीतून सुरुवात करू आणि आत काय दिसतंय त्यावर ठरवू. घरात काका म्हणतायत आजकाल कोण पोट फाडतंय, शुगर आहे, जखम भरणार नाही, दुर्बिणवालाच बघ. वर डॉक्टर असंही म्हणाले की पित्ताशयाचा थोडा भाग आतच ठेवावा लागेल आणि पोटातून एक नळी बाहेर काढलेली असेल काही आठवडे. आम्हाला तर खड्यांचं ऑपरेशन म्हणजे सकाळी दाखल आणि दुसऱ्या दिवशी घरी एवढंच माहीत, शेजारच्या काकूंचं तसंच झालेलं.

आणि सगळ्यात जास्त झोप उडवलीय ती एका टेस्टने, सीए १९-९, ती २१० आलीय, नॉर्मल ३७ पर्यंत असते म्हणे. नेटवर बघितलं तर सगळीकडे कॅन्सर कॅन्सर. आईला अजून काही सांगितलेलं नाहीये. कोणाच्या घरी असं झालंय का, कोणी डॉक्टर असतील तर प्लीज सांगा, कुणाचं ऐकू?

मीठभाकर

ऑपरेशनची घाई करू नका. पाच दिवस सफरचंदाचा ज्यूस, सहाव्या दिवशी एप्सम सॉल्ट आणि रात्री ऑलिव्ह ऑइल लिंबाच्या रसात मिसळून, सकाळी खडे आपोआप पडतात. आमच्या ग्रुपवर फोटो आलेत, हिरवे हिरवे खडे पडलेले. करून बघायला काय हरकत आहे.

पंचगंगा

बार्शीकर, मी कोल्हापूर भागात जनरल सर्जन आहे. फाइल आणि पेशंट बघितल्याशिवाय अमुकच करा असं सांगणार नाही, पण तुमच्यासमोर जे दोन रस्ते ठेवलेत ते तुम्हाला कळावेत म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वरच्या उपायाबद्दल. तो आईंना अजिबात देऊ नका. सकाळी जे हिरवे मऊ गोळे पडतात ते खडे नसतातच, तेल आणि रस पोटात एकत्र येऊन साबणासारखे गोळे तयार होतात ते असतात. आईंचा खडा २२ मिमीचा आहे आणि पित्ताशयातून बाहेर यायची नळी काही मिलिमीटरची, तो तिथून येणार कुठून? शिवाय तेल पोटात गेलं की पित्ताशय आवळतं, अडकलेल्या खड्यावर ते आवळलं तर परत कळ आणि ताप. मीठभाकर, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय हे समजतं, पण नुकताच पित्तनलिकेत जंतुसंसर्ग होऊन गेलेल्या शुगरच्या पेशंटसाठी हे धोक्याचं आहे.

आता आजार. पित्ताशयाच्या मानेशी एक फुगवटा असतो, त्याला हार्टमन पाऊच म्हणतात. मोठा खडा तिथं रुतून बसला की सूज येते, उतरते, परत येते, आणि अगदी त्याला चिकटूनच लिव्हरमधून येणारी मुख्य पित्तनलिका जाते. नुसता बाहेरून दाब पडून कावीळ झाली तर तो टाइप एक. वर्षानुवर्षं दाबून दाबून नलिकेची भिंत झिजते आणि पित्ताशय व नलिका यांच्यामध्ये भोक पडतं, फिस्टुला. ते भोक नलिकेच्या घेराच्या एक तृतीयांशापर्यंत असेल तर टाइप दोन, दोन तृतीयांशापर्यंत गेलं तर तीन, आणि घेरच उरला नाही तर चार. चिलीमधल्या चेंडेस यांनी १९८९ मध्ये ही वर्गवारी मांडली, नंतर त्यात पाचवा टाइप आला, ज्यात पित्ताशयाला आतड्यातही भोक पडलेलं असतं. नाव ज्यांच्यावरून पडलं ते पाब्लो मिरिझी अर्जेंटिनातल्या कोर्डोबा शहरातले सर्जन, त्यांनी १९४८ साली याचं वर्णन केलं. याच माणसानं १९३१ मध्ये ऑपरेशन चालू असताना पित्तनलिकेत डाय सोडून एक्स-रे काढायची पद्धत सुरू केली होती, आणि ते मी मुद्दाम सांगतोय कारण तुमच्या आईंच्या ऑपरेशनमध्ये तीच गोष्ट कामाला येणार आहे.

भीती नेमकी कशाची ते बघा. साध्या केसमध्ये आम्ही पित्ताशयाची नळी आणि तिची रक्तवाहिनी सुटी करतो, पित्ताशयात फक्त या दोनच गोष्टी शिरतायत हे समोरून मागून डोळ्यांनी बघतो, मगच क्लिप लावतो. मिरिझीमध्ये ही सगळी जागा दगडासारखी कडक झालेली असते, पित्ताशय मुख्य नलिकेला असं चिकटलेलं असतं की मुख्य नलिकाच पित्ताशयाची नळी वाटते. तिला क्लिप लागली आणि कापली गेली की त्या माणसाचं पुढचं आयुष्य बदलतं, पित्त पोटात गळत राहणं, वारंवार कावीळ, परत मोठं ऑपरेशन. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मुख्य नलिकेला इजा व्हायचं प्रमाण हजारात साधारण तीन ते पाच असतं, मिरिझी आधी ओळखला गेला नाही तर ते कितीतरी पटीनं वाढतं. तुमच्या आईंचा आजार टेबलावर घ्यायच्या आधीच कळलाय ही फार मोठी गोष्ट आहे, बऱ्याच ठिकाणी पोटात दुर्बीण घातल्यावर कळतं की हे काहीतरी वेगळंच प्रकरण आहे.

म्हणून दुर्बीण की उघडून हा खरा प्रश्नच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. टाइप एक असेल तर अनुभवी हातात दुर्बिणीतून छान होतं. टाइप दोनपासून पुढे मुख्य नलिकेला टाके घालायची वेळ येते आणि तिथं बहुतेक सर्जन उघडं ऑपरेशन पसंत करतात, काही मोठ्या सेंटरला दुर्बिणीतून किंवा रोबोटनं पण करतात. १९९० साली मुंबईच्या जे. जे. मध्ये डॉ. टेहेमटन उडवाडियांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, आम्ही सगळे त्या वाटेनंच आलेलो आहोत, मी स्वतः रोज दुर्बीणच वापरतो. पण अशा केसमध्ये दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही, तो त्या सर्जनचा शहाणपणा असतो. सोलापूर आणि पुण्याचे डॉक्टर मला एकमेकांच्या विरोधात बोलतायत असं वाटतच नाही, एक जण आधीच ठरवून उघडणार आणि दुसरा बघून उघडणार, फरक एवढाच.

थोडा भाग आत ठेवण्याचंही असंच. त्याला सबटोटल म्हणतात. पित्ताशय वरच्या टोकाकडून उघडायचं, खडा काढायचा, आणि नलिकेला चिकटलेला पित्ताशयाचा तेवढा तुकडा तसाच ठेवून त्याचाच पडदा करून भोक बंद करायचं. सगळंच ओढून काढायच्या हट्टात नलिका फाटते. भोक मोठं निघालं, टाइप तीन किंवा चार, तर मात्र आतड्याचा एक लूप वर आणून थेट लिव्हरच्या नलिकेला जोडावा लागतो, ते मोठं काम आहे आणि ते ज्याला येतं त्यानंच करावं.

त्यामुळे दोन्ही डॉक्टरांना एवढंच विचारा, टाइप दोन धरून आत गेलात आणि टाइप चार निघाला तर नलिका आतड्याला जोडायचं काम तुम्ही स्वतः करता का, की त्या दिवशी कोणाला बोलवावं लागेल? टेबलावर कोलँजिओग्रामची, म्हणजे डाय सोडून काढायच्या त्या एक्स-रेची, सोय आहे का? फ्रोझन सेक्शन तिथं होतं का? ज्यांची उत्तरं सरळ येतील त्यांच्याकडे जा, गाव कुठलं का असेना.

सीए १९-९ बद्दल. पित्त तुंबलेलं असताना आणि नलिकेत इन्फेक्शन असताना ही टेस्ट वाढतेच, कधी कधी हजारांत जाते आणि स्टेंट टाकल्यावर खाली येते. कावीळ उतरल्यावर परत करा. पण खोटा दिलासा पण देणार नाही, मिरिझीच्या पेशंटमध्ये पित्ताशयाचा कॅन्सर सापडायचं प्रमाण साध्या खड्यांपेक्षा जास्त आहे, म्हणूनच फ्रोझन सेक्शनचं विचारायला सांगितलं. ऑपरेशन चालू असतानाच तुकडा तपासला जातो आणि काही संशयास्पद निघालं तर त्याच वेळी निर्णय बदलता येतो. काढलेलं सगळं नंतर बायोप्सीला जाईलच, तो रिपोर्ट विसरू नका.

छायाप्रकाश

मी रेडिओलॉजिस्ट. पंचगंगा सरांनी लिहिलंय त्यात माझ्या बाजूची थोडी भर.

एमआरसीपीच्या रिपोर्टमध्ये बहुतेक हा शब्द आहे तो उगाच नाही. खड्याच्या वरची नलिका फुगलेली आणि खालची नॉर्मल जाडीची, आणि मध्ये बाहेरून एका बाजूनं दाब, हे चित्र मिरिझीचं, ते आम्ही बऱ्यापैकी खात्रीनं सांगू शकतो. पण भोक आहे की नाही आणि केवढं आहे हे एमआरसीपीवर दर वेळी दिसत नाही. ईआरसीपीमध्ये डाय सोडल्यावर तो नलिकेतून पित्ताशयात गेलेला दिसला तर फिस्टुला जास्त पक्का. त्यामुळे ज्यांनी स्टेंट टाकला त्यांच्याकडून ईआरसीपीच्या फिल्म किंवा सीडी मागून घ्या, नुसता कागद नको, सर्जनला ती चित्रं उपयोगी पडतात. तरी शेवटचा टाइप पोटात बघितल्यावरच ठरतो हे मनाची तयारी म्हणून लक्षात असू द्या.

ऑपरेशनआधी कॉन्ट्रास्टसह सिटी स्कॅन झालाय का? नसेल तर विचारा. त्यात दोन गोष्टी बघायच्या असतात. पित्ताशयाची भिंत एका बाजूला जाड, वेडीवाकडी आहे का, गाठी आहेत का, म्हणजे कॅन्सरच्या दृष्टीनं. आणि पित्ताशय ड्युओडेनमला (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) किंवा मोठ्या आतड्याला चिकटून तिकडेही भोक पडलंय का. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आधी बघतील, शुगर असल्यामुळे. आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तसं सांगा.

एक बारीक गोष्ट, आईंना आता स्टेंट आहे, त्यामुळे पुढच्या कुठल्याही स्कॅनमध्ये पित्तनलिकेत हवा दिसेल. स्टेंटनंतर तसं दिसतंच, घाबरू नका. स्टेंट नसलेल्या आणि कधी ईआरसीपी न झालेल्या माणसाच्या पित्तनलिकेत हवा दिसली तर मात्र कान टवकारायचे, कारण ती आतड्यातून भोकावाटे वर गेलेली असू शकते. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला स्कॅन दाखवाल तेव्हा स्टेंट टाकलाय हे आधी सांगा, नाहीतर विनाकारण गोंधळ होईल.

वैनगंगा

बार्शीकर दादा, आमच्याकडचं थोडं वेगळं झालं होतं पण मूळ तेच, न काढलेला खडा. लिहिते कारण छायाप्रकाश यांनी हवेचं लिहिलं ते वाचून अंगावर काटाच आला.

माझे बाबा ७८ वर्षांचे, भंडाऱ्याला राहतात, हार्टचा त्रास आहे म्हणून खड्याचं ऑपरेशन कधी केलंच नाही. एकदा चांगलंच दुखलं, ताप आला, आणि मग आपोआप थांबलं, आम्हाला वाटलं बरं झालं. पुढं काही आठवड्यांनी उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, मग दोन दिवसांनी बरं, परत उलट्या, असं होऊन राहिलं होतं. आधी ॲसिडिटी, मग बद्धकोष्ठ म्हणून औषधं झाली. एक्स-रेमध्ये आतडी फुगलेली दिसली पण खडा दिसला नाही, आणि पोटावर कधी ऑपरेशनचा टाका नाही, हर्निया नाही, तर आतडं अडकलं कशानं हे कोणाला सुचेना. शेवटी उलटीला घाण वास यायला लागला, जीभ कोरडी ठाक, बीपी खाली, तेव्हा नागपूरला नेलं आणि तिथं सिटी स्कॅनमध्ये अर्ध्या तासात निदान झालं. गॉलस्टोन इलियस. पित्ताशयातला खडा भोक पाडून सरळ आतड्यात उतरला होता आणि लहान आतड्याच्या शेवटी, जिथं ते सगळ्यात अरुंद असतं, तिथं अडकून बसला होता. मधेमधे बरं का वाटायचं तेही डॉक्टरांनी सांगितलं, खडा अडकायचा, सुटून पुढं सरकायचा, परत अडकायचा.

त्यांनी फक्त आतडं उघडून खडा काढला, आवळ्याएवढा होता हो, आम्हाला दाखवला. पित्ताशयाला हातच नाही लावला. आम्ही तेव्हा भांडलोच जवळजवळ, की एवढं पोट उघडलं तर मूळ का नाही काढलं. आता बाबा चांगले आहेत, काठी घेऊन देवळात जातात, पण ती शंका माझ्या मनात अजून आहे, पंचगंगा सर सांगाल का?

म्हाताऱ्या माणसाला खड्याचा इतिहास असेल आणि उलट्या नि पोटफुगी येऊन जाऊन असेल तर सिटी स्कॅनचा आग्रह धरा, एवढंच सगळ्यांना सांगायचं होतं.

बार्शीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगा सर, तुमचं उत्तर प्रिंट काढून काकांना वाचायला दिलं, आता घरात दुर्बीण दुर्बीण बंद झालंय. वैनगंगा ताई, बाबांना नमस्कार सांगा. सिटी स्कॅन उद्या आहे.

सर, अजून दोन शंका. आईच्या बाबतीत पण खडा आतड्यात जाऊ शकतो का, म्हणजे थांबलं तर किती दिवस थांबता येईल? आणि ताईंनी विचारलंय ते मलाही कळलं नाही, पित्ताशय तसंच का ठेवलं असेल? फुले योजनेत हे बसेल का कोणाला माहितीय?

पंचगंगा

वैनगंगा ताई, तुमच्या बाबांच्या सर्जननं जे केलं ते माझ्या मते बरोबर केलं, आणि का ते सांगतो म्हणजे ती शंका मनात राहणार नाही.

हा आजार फार जुना आहे, डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिननं १६५४ मध्ये शवविच्छेदनात पाहून लिहून ठेवलाय. येतो तो बहुतेक म्हाताऱ्या माणसांना, बायकांना जास्त, आणि येईपर्यंत उलट्यांनी शरीरातलं पाणी आणि क्षार संपलेले, किडनीवर ताण, हार्टची तक्रार आधीपासून. अशा माणसाचा जीव घेतं ते अडकलेलं आतडं, पित्ताशयाचं भोक त्या दिवशी जीव घेत नाही. म्हणून आधी सलाइन, नाकातून नळी, लघवी नीट व्हायला लागली की लगेच ऑपरेशन. खडा जिथं अडकलाय तिथं आतडं सुजलेलं असतं, तिथं कापत नाहीत, खडा हलकेच मागे ढकलून चांगल्या आतड्यात आणतात, लांबीत छेद देऊन काढतात आणि आडवं शिवतात म्हणजे आतडं अरुंद होत नाही. मग पूर्ण आतडं बोटांनी चाचपून बघायचं, दुसरा खडा मागे राहिलेला असू शकतो, ही पायरी कधीच सोडायची नाही.

त्याच वेळी पित्ताशय काढून भोक बंद करायला गेलं तर सुजलेल्या, चिकटलेल्या जागेत ऑपरेशन दीड दोन तासांनी वाढतं. १९९४ मध्ये १००१ पेशंटांचा एक आढावा छापून आला होता, त्यात फक्त खडा काढलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ११.७ टक्के होतं आणि सगळं एकदम केलेल्यांमध्ये १६.९ टक्के. तेव्हाचं भूलशास्त्र आणि आयसीयू आजच्यासारखं नव्हतं, तरी दिशा कळते. तब्येतीनं खणखणीत पेशंट असेल, फार उशीर झाला नसेल, तर एकाच वेळी सगळं करायला मी तयार असतो. ७८ वर्षांच्या हार्टच्या पेशंटमध्ये नाही. बरेचदा ते भोक नंतर आपोआप बंदही होतं. परत खडा अडकायचा धोका शंभरात पाच ते आठ जणांना असतो, म्हणून बाबांना परत तशा उलट्या झाल्या तर वेळ न घालवता तिथंच न्या आणि जुनी फाइल बरोबर ठेवा.

खडा आतड्यात उतरून पुढं न जाता ड्युओडेनममध्येच अडकला तर जठराचं तोंड बंद होतं, त्याला बूव्हरे सिंड्रोम म्हणतात, लिऑन बूव्हरे या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ मध्ये मांडलेलं. तिथं आधी तोंडातून दुर्बीण घालून खडा पकडायचा किंवा लेसरनं फोडायचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर पोट उघडायचं. फोडलेला तुकडा पुढं जाऊन परत खाली अडकणार नाही हे मात्र बघावं लागतं.

बार्शीकर, आईंचा खडा २२ मिमीचा आहे, आतड्यात अडकणारे खडे सहसा अडीच सेंटिमीटरच्या वरचे असतात, आणि सिटी स्कॅनमध्ये आतड्याकडे भोक नसेल तर ही काळजी आत्ता बाजूला ठेवा. खरी काळजी स्टेंट तुंबून परत ताप यायची. माझा अंदाज असा की इन्फेक्शन पूर्ण जाऊ दे, बिलीरुबिन बरंच खाली येऊ दे, शुगर ताब्यात येऊ दे, आणि मग काही आठवड्यांत ऑपरेशन करून टाका. परत थंडी वाजून ताप आला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखल करा.

फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, पण कुठलं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं आणि ते हॉस्पिटल त्या पॅकेजला मान्य आहे का हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल व्हायच्या आधी विचारा. टाइप बदलला आणि ऑपरेशन मोठं झालं तर मंजुरीचं काय, हे पण तेव्हाच विचारून ठेवा.

मिरजेची_सिस्टर

दादा, मी सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे, डॉक्टरांनी ऑपरेशनचं सांगितलंच आहे, मी घरच्यांनी काय करायचं ते लिहिते कारण ते कोणी बसून सांगत नाही.

आईंना कावीळ होती म्हणजे रक्त गोठायला वेळ लागू शकतो, म्हणून व्हिटॅमिन के ची इंजेक्शनं देतात आणि पीटी आयएनआर तपासतात, ते झालंय ना बघा. श्वासाचं ते तीन गोळ्यांचं खेळणं मिळतं ना, ते आत्तापासून घरी करायला लावा, कारण पोटावर वरच्या बाजूला छेद असला की दुखतं म्हणून माणूस खोल श्वासच घेत नाही आणि मग कफ साठून न्यूमोनिया. ऑपरेशननंतर खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, आधी शिकवून ठेवा. शुगरसाठी त्या दिवसांत गोळ्या बंद करून इन्सुलिन देतात, त्याला घाबरू नका, जखम भरायची असेल तर तेच चांगलं, आणि बरेचदा नंतर परत गोळ्यांवर येतात.

नळीचं म्हणाल तर टी ट्यूब म्हणतात तिला, इंग्रजी टी सारखा आकार, आडवी बाजू पित्तनलिकेत आणि उभी बाजू पोटाबाहेर, पिशवीला जोडलेली. पिशवीत पित्त जमतं, पिवळं हिरवं, ते बघून घाबरायचं नाही. पहिल्या दिवसांत दोनशे ते पाचशे मिली येऊ शकतं, मग हळूहळू कमी होतं. वहीत रोज किती आलं, रंग कसा, ते लिहायचं. पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, नळी कपड्याला पिन न लावता चिकटपट्टीनं नीट बांधायची, झोपेत ओढली जाणार नाही असं. पित्त एकदम बंद झालं आणि पोटात दुखायला लागलं, किंवा नळीच्या बाजूनं कपडे भिजायला लागले, ताप आला, नळी बाहेर सरकल्यासारखी वाटली, तर रात्र असली तरी फोन करायचा. काढायच्या आधी त्या नळीतून डाय सोडून एक्स-रे काढतात, खाली पित्त नीट उतरतंय दिसलं की मग ओपीडीतच काढतात, फार दुखत नाही. साधारण दोन तीन आठवडे, कधी जास्त पण, नळीभोवती शरीरानं स्वतःचा रस्ता तयार करेपर्यंत थांबावं लागतं आणि शुगरवाल्यांत तो व्हायला जरा वेळ लागतो म्हणून डॉक्टरांना घाई करू नका.

आणि दादा, आईंना सांगा. काय आहे, काय करणार, नळी असणार, सगळं. शुद्धीवर आल्यावर पोटातून नळी बघून बायका हादरतात, आधी सांगितलेलं असलं की बरंच सोसतात. कॅन्सरचं नाव अजून रिपोर्टच नाही तर काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ऑपरेशन मोठं आहे हे त्यांना कळलं पाहिजे.

बार्शीकर

सिटी स्कॅन झाला. आतड्याकडे भोक दिसत नाहीये, भिंत सूज आल्यासारखी सगळीकडून जाड आहे, गाठ दिसत नाही असं लिहिलंय, लिव्हर क्लिअर. सीए १९-९ परत केली, ५८ आलीय. बिलीरुबिन ३ च्या खाली. आईला काल सगळं सांगितलं सिस्टर, ती एवढंच म्हणाली की नळी असताना पारोशी राहावं लागणार का, अंघोळ करता येईल का 🙂

सोलापूरच्या सर्जनना तुमचे तिन्ही प्रश्न विचारले सर. ते म्हणाले नलिका आतड्याला जोडायचं काम मी स्वतः करतो, त्यासाठी आतड्याची तयारी धरूनच आत जाईन, सी-आर्म (टेबलावरच एक्स-रे काढायचं मशीन) ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, फ्रोझन सेक्शनसाठी पॅथॉलॉजिस्टला आधी कळवून ठेवतात त्या दिवशी. सरळ उत्तरं दिली, चिडले पण नाहीत. बार्शीहून जवळ पण पडतं, त्यामुळे तिथंच ठरवलंय, पोट उघडूनच. पुण्याच्या डॉक्टरांनाही फोन करून सांगितलं, ते म्हणाले बरोबर आहे. अजून काही विसरतोय का?

मिरजेची_सिस्टर

अंघोळ करता येते, जखम कोरडी झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा, नळीच्या जागी वॉटरप्रूफ पट्टी लावून, पिशवी हातात धरून, तांब्यानं. टबात किंवा नदीत नाही. तोपर्यंत अंग पुसून द्या, वेणीफणी करून द्या, बायकांना त्यानंच बरं वाटतं.

पंचगंगा

५८ ही चांगली बातमी आहे, कावीळ पूर्ण गेली की अजून खाली यावी. निर्णय योग्य वाटतो.

विसरायची नाही अशी एक गोष्ट म्हणजे स्टेंट. आईंचा प्लास्टिकचा असेल, तो तीन महिन्यांच्या आसपास काढावा किंवा बदलावा लागतो, ऑपरेशन झालं, टाके निघाले, माणूस जेवायला लागला की घरचे स्टेंट विसरतात आणि मग वर्षानं तुंबलेला, खडे धरलेला स्टेंट घेऊन तापानं येतात. ऑपरेशनच्या वेळीच काढणार की नंतर ईआरसीपीनं, हे सर्जनना विचारा आणि नंतर काढणार असतील तर कोणी आणि किती तारखेपर्यंत, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. बायोप्सीचा नंबर पण त्याच कार्डावर.